कुवाबाराचा डावा पाय

सुप्रभा खानझोडे हिच्या आयुष्यात बास्केटबॉल दोनदा आला. पहिल्यांदा नागपूरला, कॉलेजात असताना, उंचीमुळे; दुसऱ्यांदा जपानात, नवऱ्याच्या व्हिसामुळे. पहिल्या खेपेला ती दोन वर्षं विद्यापीठाकडून खेळली आणि त्यातून घरच्यांच्या मते तिने एकच गोष्ट मिळवली: पोरगी फार उंच आहे हे साऱ्या जिल्ह्याला कळलं. नवरा चंद्रशेखर तिच्याहून दीड इंचाने बुटका होता. पण तो सॉफ्टवेअरमध्ये होता आणि जपानला निघाला होता, त्यामुळे ते दीड इंच कुणी मोजायला गेलं नाही.

याला एकोणीस वर्षं झाली. घर टोकियोजवळ ग्योतोकुला, स्टेशनपासून सायकलने सहा मिनिटं. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बायकोला इथे आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं. ओळखीतल्या बायका ते अठ्ठावीस तास जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात किंवा इंडियन शाळेच्या ऑफिसात घालवत. सुप्रभाला घरबसल्या सामने बघायचं काम मिळालं. एक कंपनी व्यावसायिक संघांना आकडे पुरवते. त्यासाठी सामन्याचा व्हिडिओ थांबवत, मागेपुढे करत पाहायचा आणि प्रत्येक हालचालीची नोंद भरायची. चेंडू कुणी टाकला, कुठून टाकला, कुणाच्या हातून सुटला. चाळीस मिनिटांच्या सामन्याला साडेपाच तास लागत. नोंदी करणाऱ्यांना नावं नव्हती, नंबर होते. ती चौदा.

नोंदीच्या तळाशी एक रिकामी चौकट असते: 'इतर निरीक्षणं'. सुरुवातीला सुप्रभाने ती मनापासून भरली. अमुक खेळाडू डाव्या हाताला घाबरतो, तमुक थकला की ओठ चावतो. तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. चौदा-सान, तुमची नजर फारच सूक्ष्म आहे, आम्ही सगळे थक्क झालो, असं त्या तीन वेगवेगळ्या प्रकारांनी म्हणाल्या. सुप्रभाने संध्याकाळी आनंदाने शिरा केला. निशी-कसाईच्या कश्मिराताईंनी, ज्या इथे बावीस वर्षं होत्या, तो खाता खाता तिला समजावलं, "अगं वेडे, हे कौतुक नाही. हे रागावणं आहे. तीनदा म्हणाल्या ना? मग जोरात रागावल्यात."

"मग त्या चौकटीत लिहायचं काय?"

"सगळे काय लिहितात? तोकु नी नाशी. विशेष काही नाही. माझ्या लेकाच्या शाळेच्या वहीत, पालकांच्या रकान्यात, मी दहा वर्षं तेच लिहिलं."

त्या दिवसापासून सुप्रभाच्या चौकटीत विशेष काही नव्हतं. फोन आला नाही. दुसऱ्या वर्षी तासाचे पैसे वाढले.

शेखरला या खेळाचं वेड लागलं ते ऑफिसमुळे. तिथले सगळे हेरॉन्स नावाच्या संघाचे भक्त होते. हा संघ खाडीकाठच्या एका स्टेडियममध्ये नेमाने हरत असे, आणि हरणाऱ्या संघाचे भक्त जास्त विद्वान असतात. त्यात खेळाडू निवडण्याची नवी पद्धत आली. आधी कॉलेजच्या पोरांना एकेक करून गाठावं लागे, त्यांच्या कोचला जेवू घालावं लागे. आता संघांनी पाळीपाळीने नाव पुकारायचं, पुकारलं तो आपला. म्हणजे चुकीची निवड आता जाहीरपणे करता येणार होती. भक्तांना आणखी काय हवं?

निवडीच्या आधीच्या हिवाळ्यात सुप्रभाच्या वाट्याला कुवाबारा आला. कॉलेजचं शेवटचं वर्ष, उंची दोन मीटर चार, चेहरा बँकेच्या कारकुनासारखा. संघांनी त्याचे मागचे सगळे सामने मागवले होते, एकतीस. ते सगळे चौदा नंबरने बघितले. एकविसाव्या सामन्यापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, तिला काहीतरी खटकायला लागलं. पोरगा डाव्या पायावरून उडी घेत नव्हता. उडीच्या आधी एक जास्तीचं पाऊल टाकून तो भार उजव्यावर घ्यायचा. फ्री थ्रोला उभा राहिला की डावी टाच जमिनीला टेकायची नाही. ते पाऊल इतकं चटकन पडे की आकड्यांत दिसायचं नाही. गुण तर तेवढेच होत होते. पण जी स्वतः दोन वर्षं बास्केटखाली कोपरं खात उभी राहिली, तिला दिसणारच.

तिने चौकटीत चार ओळी लिहिल्या. दहावीतल्या लेकीला, तन्वीला हाक मारली. "हे नीट आहे का गं? उद्धट नाही ना वाटत?"

तन्वीने मोबाइल हातातून न सोडता वाचलं. "बेत्सु नी."

"मराठीत बोल."

"तसं काही नाही. ठीक आहे. पण आई, तू डॉक्टर आहेस का? ते विचारतील."

प्रश्न रास्त होता. सुप्रभाने ओळी पुसल्या आणि एकविसाव्या सामन्याखाली नेहमीचं लिहिलं. मग बाविसाव्याखाली. एकदा न लिहिलेली गोष्ट दुसऱ्यांदा लिहायची तर आधी का नाही लिहिली हेही सांगावं लागतं. एकतिसाव्यापर्यंत ते सांगणं दहापट अवघड झालं होतं.

हेरॉन्सची पाळी तिसरी होती. त्यांनी कुवाबाराला पुकारलं.

त्या रविवारी शेखरचा ऑफिसमधला दोस्त गुणवंत जेवायला आला होता. तो आला तोच तावातावाने. "वहिनी, सुतक पाळा. हेरॉन्स गेले. चेंडू खेळवणारा कुणी नाही संघात, आणि घेतला कुणाला? विजेचा खांब!"

"माझ्या शीटमध्ये तो नववा आहे," शेखर म्हणाला. त्याने खरोखरच शीट केली होती, आठ रकाने, रंगीत. "तो ओकाबे म्हणून त्यांचा निवड प्रमुख आहे ना, त्याचं वय झालंय. उंच पोरगं दिसलं की विरघळतो."

"तू पण विरघळला होतास," गुणवंत म्हणाला. "वहिनींना बघून."

दोघे हसले. सुप्रभाने पोळी तव्यावरून उतरवली. "निवड चुकलीये. पण तुम्ही म्हणताय त्यासाठी नाही. त्याचा डावा पाय दुखतोय."

"बातमी आहे कुठे?" गुणवंतने विचारलं.

"नाही. मला दिसलं."

"मग तू लिहिलं असशील ना," शेखर म्हणाला, आणि तिने उत्तर द्यायच्या आत गुणवंतने वरण मागितलं.

तिच्या मनातून पाय जाईना. पायाच्या मधलं बारीक हाड असं हळूहळू चिरत जातं, हे तिने नागपूरला एका मुलीच्या बाबतीत पाहिलं होतं. चीर वेळेत कळली तर तीन-चार महिने विश्रांती. नाही कळली तर एक दिवस हाड तुटतं आणि मग माणूस पायऱ्या चढतो, खेळत नाही. संघाने तपासणी केली असणार. पण तपासणीत यादीतलं तपासतात: गुडघे, खांदे, हृदय. 'कुठे दुखतं का' या प्रश्नाला बावीस वर्षांचा पोरगा काय उत्तर देणार? हंगाम ऑक्टोबरात सुरू होणार होता. तोवर कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण, याबद्दल तिला फारशी शंका नव्हती.

तरी ती ऑगस्टपर्यंत थांबली. ऑगस्टात स्टेडियमवर चाहत्यांसाठी मेळा भरला. एका टेबलामागे ओकाबे-सान स्वतः बसले होते, संघाच्या दुकानातले हातपंखे वाटत. साठीचा, काटकुळा, विनम्र माणूस. सुप्रभाने वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, मी तुमच्यासाठी व्हिडिओंच्या नोंदी करते, माझा नंबर चौदा.

ओकाबे-सान उभेच राहिले. "चौदा-सान! तुम्ही! मी तुमचा फार ऋणी आहे."

"माझे?"

"कुवाबारा-कुनच्या वेळी." आनंदाच्या भरात त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या एका कोचला शंका होती. म्हणाला, पोराचे पाय जड वाटतात. बैठक तिथेच अडली होती. मी तुमच्या नोंदी काढून टेबलावर ठेवल्या. म्हटलं, बाहेरच्या, निःपक्षपाती माणसाने एकतीस सामने बघितलेत, प्रत्येक सेकंद. आणि एकतीस वेळा लिहिलंय, विशेष काही नाही. शंका मिटली."

सुप्रभाच्या हातात त्यांनी दिलेला पंखा होता. ती तो हलवायची विसरली, इतक्या उकाड्यात.

"ओकाबे-सान, मी त्याबद्दलच बोलायला आलेय," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. एकविसावा सामना, जास्तीचं पाऊल, टाच. तिचं जपानी भीतीने साधं झालं होतं, सगळे आदरार्थी प्रत्यय गळून पडले होते. त्यामुळे ते पहिल्यांदाच स्पष्ट होतं.

ओकाबे-सान बराच वेळ टेबलावरच्या पंख्यांची रास सरळ करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे लेखी देता येईल का? तुमच्या कंपनीमार्फत. त्याशिवाय मला त्याला खेळाबाहेर बसवता येणार नाही. मीच तर बैठकीत…" पुढचं त्यांनी गिळलं.

"देईन," ती म्हणाली. काम जाईल हे तिला ठाऊक होतं. घरी जाताना तिला बऱ्याच महिन्यांनी हलकं वाटलं. हे इथे नोंदवायला हवं, कारण ते फार टिकलं नाही.

तिने दुसऱ्याच दिवशी कंपनीला लिहिलं. मॅनेजरबाईंचा फोन आला. त्यांनी आभार मानले, चारदा. मग अडचण सांगितली. जुनी नोंद दुरुस्त करायची तर ग्राहकाची तक्रार लागते. ग्राहक म्हणजे संघ. संघाला तक्रार करायची तर नोंद चुकली हे कंपनीने कळवायला हवं. आणि कंपनीला तसं कळवता येत नाही, कारण त्या एकतीसही नोंदी तपासून त्यांवर शिक्का बसलेला आहे आणि शिक्का बसलेल्या नोंदीत चूक नसते. "पण आम्ही सकारात्मक विचार करू," बाई म्हणाल्या. सुप्रभाला आता कश्मिराताईंना विचारायची गरज नव्हती.

तिने ओकाबे-सानना संघाच्या पत्त्यावर स्वतःचं पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. कदाचित त्यांनी ते बैठकीत ठेवलं असेल आणि कुणीतरी विचारलं असेल, ही बाई कोण? आणि कोणीतरी उत्तर दिलं असेल, चौदा नंबर. हिनेच एकतीस वेळा लिहिलंय. कदाचित त्यांनी ते खिशातच ठेवलं असेल. ते कुणाला कळलं नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, घरच्या सामन्यात, कुवाबारा बास्केटखाली एकटाच असताना उडी घेऊन खाली आला आणि बसला. कुणी ढकललं नव्हतं, कुणी जवळही नव्हतं. तो ओरडला नाही. दोन्ही हातांनी डावा बूट धरून बसला, आणि पंचांना वाटलं लेस बांधतोय.

त्या सामन्याचा व्हिडिओ सुप्रभाकडेच आला. तिने साडेपाच तासांत नोंदी पुऱ्या केल्या. ती जागा तिने अठरा वेळा मागेपुढे करून पाहिली. आपलं चुकलं असेल अशी आशा होती. जास्तीचं पाऊल त्याने टाकलंच होतं. त्या एका वेळी ते अर्धवट पडलं.

ऑपरेशन झालं, दोन स्क्रू बसले. संघाने 'दीर्घकाळ अनुपस्थित' असं जाहीर केलं. ओकाबे-सान वैयक्तिक कारणांमुळे निवृत्त झाले. भक्तांना सुगी आली.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," शेखर शीट उघडून म्हणाला. "नववा."

"तू चेंडू खेळवणारा नाही म्हणून म्हणाला होतास."

"कारण काही असो, निवड चुकली की नाही?"

कंपनीने सुप्रभाला त्याच महिन्यात बढती दिली. आता ती इतरांच्या नोंदी तपासून शिक्का मारणार होती. सात वर्षांत एकही तक्रार नसलेली ती एकटीच होती.

डिसेंबरात एका सामन्यानंतर जखमी खेळाडू दारात उभे राहून चाहत्यांना निरोप देत होते. ही इथली रीत. कुवाबारा कुबड्यांवर होता. शेखर पुढे जाऊन कुणाबरोबर तरी फोटो काढत होता. सुप्रभा रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा लक्षात आलं की ती आणि तो जवळपास नजरेला नजर देऊन बोलू शकतात. खूप कमी लोकांबरोबर तिला तसं जमे. अर्थात तो कुबड्यांवर बराच वाकला होता म्हणून.

"पायाला जपा," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून दुखत होता ना?"

त्याचं सरावाचं हसू थांबलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी तुमच्या सामन्यांच्या नोंदी करायचे. सगळ्या. कॉलेजच्या."

रांगेतल्या मागच्या बाईने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"वडिलांनाही माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "कळलं असतं तर कुणी पुकारलं असतं मला? आमचं गाव लहान आहे. त्या दिवशी सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमले होते माझं नाव ऐकायला. आजीसुद्धा."

मग त्याने दोन्ही कुबड्या एका काखेत घेतल्या, उजव्या पायावर तोल सावरला, आणि तो कमरेतून वाकला, खोल. शाळेत गुरुजनांसमोर वाकतात तसा.

"तुम्ही लिहिलं नाहीत," तो म्हणाला. "मनापासून आभार."

पंख्याच्या टेबलाशी आपण काय बोललो, पत्रात काय लिहिलं, ते सांगायला तिने तोंड उघडलं. तो अजून वाकलेलाच होता आणि एका पायावर थरथरत होता. तिने त्याचा दंड धरून त्याला सरळ केलं. मागची बाई पुढे सरकली.