कावेरीबाईचं पासिंग

कावेरीबाईला लोक ‘गाडीवाली’ म्हणतात आणि मला ‘इलेक्ट्रिकलवाले साहेब’. यातलं एकच बिरूद खरं आहे, हे समजायला मला पन्नाशी ओलांडून वर दोन वर्षं जावी लागली.

बाई शिरपूरकडची. एकोणीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, सुकदेवबरोबर, सिल्वासात आली आणि राखोलीला आमच्या धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. धाग्याचे पांढरेशुभ्र कोन पिशवीत, पिशव्या खोक्यात, खोक्याला पट्टी. बारा वर्षं एका स्टुलावर. कारखान्याची बस तेव्हाही होती, पण ती अथालच्या चाळींपर्यंत जायची नाही, नाक्यावरच थांबायची. पहिल्या पाळीच्या बायकांना पहाटे पाचला शेताच्या कडेनं चालत नाक्यावर यावं लागे. नवीन लागलेल्या बायकांतल्या निम्म्या महिन्याभरात काम सोडायच्या. बाईनं सुकदेवला म्हटलं, आपण गाडी घेऊ, तुम्ही चालवा. सुकदेव बॉयलरवर काम करतो, आगीला भीत नाही, पण सायकलसुद्धा उतार आला की खाली उतरून हातात धरतो. शेवटी गाडी चालवायला बाई शिकली आणि भाकरी थापायला सुकदेव शिकला. दोघांचंही आता बरं चाललंय.

गाडी म्हणजे जुनी, पांढरी, सात सीटांची व्हॅन. सहा बायका एका खेपेला, दोन खेपा, अशा बाराजणी. बाईचा एक नेम आहे. पहाटे व्हॅनच्या आतला दिवा कायम लागलेला पाहिजे. “आत दिवा नसंल तर चढायचं नाही. गाडीत मी असली तरी नाही,” असं तिनं बाराही जणींना सांगून ठेवलंय. चढण्याआधी आत कोण कोण बसलंय हे बाईमाणसाला दिसलं पाहिजे, आणि दारात उभ्या असलेल्या सासूलाही दिसलं पाहिजे. त्यामुळे दुसऱ्यांच्या गाडीत जो दिवा पाच वर्षं टिकतो, तो हिच्या गाडीत वर्षभरात जातो.

आता माझं कर्तृत्व. मी कारखान्याच्या सेफ्टी कमिटीचा प्रमुख. मागच्या महिन्यात मी दीड पानाचं सर्क्युलर काढलं: येत्या एक तारखेपासून चालू पासिंग नसलेलं कोणतंही कंत्राटी वाहन गेटच्या आत येणार नाही. सर्व बाह्य व अंतर्गत दिवे कार्यरत असणे बंधनकारक. ‘कार्यरत’ हा शब्द सापडल्यावर मी दुपारचा चहा दोनदा घेतला होता.

शुक्रवारी संध्याकाळी कावेरीबाई आमच्या घरी आली. तिच्या गाडीचं पासिंग रविवारी संपत होतं, सोमवारी एक तारीख. पासिंगसाठी नंबर शनिवारी अकराचा लागलेला. गाडीचे चार दिवे गेलेले: डावा हेडलाइट, डावा ब्रेकलाइट, नंबर प्लेटवरचा आणि आतला. तिचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन काळू मावसभावाच्या लग्नाला डहाणूकडे गेलेला.

“बल्ब मी लावून घेईन साहेब,” ती म्हणाली. “पण समजा काही राह्यलं न् पास नाही झाली, तर पुढचा नंबर दहा दिवसांनी. तेवढे दहा दिवस गेटवर सांगून ठेवाल का? नाहीतर एच.आर.वाले म्हणतात, टेम्पोवाला तयार आहे, त्याला देऊ. एकदा दिलं की गेलं.”

मी तिला नियम सर्वांना सारखा असतो यावर पाच मिनिटं ऐकवलं. ती ऐकून घेत होती. पॅकिंगमध्ये बारा वर्षं काढलेल्या माणसाला भाषण ऐकताना हात कुठं ठेवायचे ते माहीत असतं. मग मलाच कसंतरी झालं आणि मी म्हणालो, “उद्या सकाळी मी स्वतः येतो. चार बल्ब बदलायला कितीसा वेळ लागतो?”

स्वयंपाकघरातून सुजाता म्हणाली, “अहो, आपल्या बाथरूमचा होल्डर दिवाळीपासून टेपनं बांधलाय. आठवण म्हणून सांगते.”

शनिवारी नऊ वाजता, पहिल्या पाळीच्या बायकांना सोडून बाई आली. मी अर्धा दिवस रजा टाकलेली. बरोबर माझी गाडी आणि माझी पेटी: मल्टिमीटर, टेस्टर, रबरी हातमोजे आणि ‘काम चालू आहे, वीजपुरवठा सुरू करू नये’ ही कारखान्यातली लाल पाटी. अरविंदभाईच्या दुकानासमोर गाडी लावायला जागा नसते, म्हणून बाई व्हॅन घेऊन पुढच्या वडाखाली थांबली आणि बल्ब आणायला मी आत गेलो.

सिल्वासात मोटारींपेक्षा ट्रक जास्त. त्यामुळे अरविंदभाईच्या फळीवर ट्रकचे आणि गाड्यांचे बल्ब शेजारी शेजारी मांडलेले असतात. त्यानं विचारलं, “बार वोल्टना आपुं के चोवीस वोल्टना?”

बारा की चोवीस. आमच्या प्लांटमधली झाडून सगळी कंट्रोल पॅनेलं चोवीस व्होल्टवर चालतात. अठ्ठावीस वर्षं मी चोवीस ऐकतो, चोवीस मोजतो, चोवीस सही करतो. मी रुबाबात म्हणालो, “चोवीस.”

अरविंदभाईनं फळीकडं गेलेला हात मागं घेतला. “मोटी गाडी छे?”

“चांगली सात सीटांची आहे,” मी म्हणालो.

तो खांदे उडवून फळीकडे वळला. त्याच्या जागी मी असतो तर गिऱ्हाइकाचं शिक्षण विचारलं असतं, पण तो सभ्य माणूस आहे. शेजारी खमण गरम होतं. मी एक प्लेट उभ्या उभ्या खाल्ली, कारण काम तसं किरकोळ होतं.

वडाखाली मी आधी सीटखालची बॅटरी सोडवली आणि लाल पाटी स्टिअरिंगला अडकवली. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका ती वाचायला थांबल्या. मग हेडलाइटच्या मागं हात घातला. तिथं एक रबराची टोपी असते, टोपीखाली तारेची चिमटी, चिमटीखाली बल्ब. हे सगळं हाताला लागतं, डोळ्यांना दिसत नाही. माझा हात वीस मिनिटं आत होता. या वेळात बाईला सुकदेवचा फोन आला.

“तुम्ही जेवी ल्या,” बाई फोनवर गावाकडच्या बोलीत म्हणाली. “मन्हं आखो चालूच शे. साहेब बल्ब लायी राह्यनात.”

पलीकडून सुकदेवनं काहीतरी विचारलं.

“इलेक्ट्रिकलना साहेब.”

फोनचा आवाज मोठा असल्यानं सुकदेवचं उत्तर मलाही ऐकू आलं. “मंग टाइम लागी.”

मी जुना बल्ब काढला आणि नवा खोक्यातून उचलला. बाई लगेच म्हणाली, “साहेब, काचेला हात लावू नका.”

“हात स्वच्छ आहेत.”

“खमणचे आहेत.”

मी रुमालानं काच पुसली. रुमालालाही खमणच होतं. बाईनं माझ्या हातातून बल्ब बुडाकडून धरून काढून घेतला आणि डॅशबोर्डाच्या कप्प्यातून पांढरे सुती हातमोजे काढले. पॅकिंगमधले. “पांढऱ्या कोनला उघडा हात लागला की बोटं उठायची. सगळं खोकं रिजेक्ट. काळू म्हणे, ह्या बल्बचंही तसंच. बोटाचं तेल काचेवर राह्यलं की तापून फुटतो.” तिनं काच कोरड्या फडक्यानं दोनदा पुसली, हात मागं घातला, मान दुसरीकडं वळवून झाडाकडं बघत राहिली आणि चिमटी बसल्याचा आवाज झाला. घरी गेल्यावर हेडलाइट मी बसवला, असं मी सुजाताला सांगितलं.

मागचे दिवे मात्र खरोखर मीच बदलले. डावा ब्रेकलाइट गेला होता, उजवा चालू होता. मी एक बल्ब जास्तीचा आणलाच होता, दोन्ही बदलले.

“चालू आहे तो कशाला काढता?” बाईनं विचारलं.

“जोडीनं बदलायचे असतात. याला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात,” मी म्हणालो आणि तिचा चांगला चालता बल्ब, जुना पार्ट परत वापरायचा नाही या तत्त्वानुसार, वडाच्या बुंध्यावर आपटून फोडला. काचा मात्र जबाबदारीनं कागदात गुंडाळल्या.

बॅटरी जोडली, दिवे लावले. सगळे लागले. बाई मागं जाऊन बराच वेळ बघत उभी राहिली. “साहेब, फिका नाही वाटत?”

“ऊन आहे ना,” मी म्हणालो आणि प्रकाश आणि डोळ्याची बाहुली यांचं नातं तिला समजावून सांगितलं. ती घड्याळाकडं बघत होती. साडेदहा झाले होते.

पासिंगच्या मैदानावर आठ-दहा गाड्यांची रांग होती. पुढं माझी गाडी वाटाड्यासारखी, मागं व्हॅन. आमचा नंबर आला. तपासणारे साहेब तरुण होते, हातात फाइल. त्यांनी हॉर्न, काच, पट्टे पाहिले आणि मागं जाऊन म्हणाले, “ब्रेक मारो.”

बाईनं ब्रेक दाबला. त्यांनी फाइल आडवी धरून दिव्यावर सावली केली, वाकून पाहिलं आणि मला विचारलं, “ये लाइट है के अगरबत्ती?”

सावलीत माझं बाहुलीचं शास्त्र टिकलं नाही. दोन्ही लाल काचांमागं एकेक विझत चाललेली विडी दिसत होती. हेडलाइट हळदीच्या रंगाचा. आतला दिवा लागलाय की नाही हे बघायला साहेबांनी डोकं आत घातलं आणि बाहेर काढून फाइलवर फुली मारली. मग त्यांनी ब्रेकलाइटची काच उघडायला लावली, बल्ब काढून बुडावरचे आकडे वाचले. “चोवीस वोल्ट. ट्रकनो छे.” ते बाईकडं वळले. “बेन, साडेबाराला लाइन बंद. तोवर आणा, नाहीतर नवीन तारीख घ्या.”

बाराला दहा कमी होते. अरविंदभाईचं दुकान पुलापलीकडं, आणि शनिवारी पुलावर ट्रक एकमेकांना चिकटून उभे असतात. जाऊन येऊन तास सहज.

कावेरीबाई व्हॅनच्या पायरीवर बसली. माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “मला स्टुलावर परत बसायचं काही नाही साहेब. बसंन मी. पण माझ्या गाडीत येते ना ममता, तिची सासू टेम्पोत पाठवणार नाही तिला. अजून चार-पाचजणींचंही तसंच. त्यांची नोकरी गाडीसंगंच जाईन.”

मी गेटवर फोन करून दहा दिवसांची सवलत द्यावी का, याचा विचार करत होतो. खरं सांगायचं तर मनातल्या मनात सर्क्युलरला पुरवणी लिहायला घेतली होती, आणि पहिल्याच वाक्यात ‘अपवादात्मक परिस्थितीत’ आलं होतं. अपवादात्मक परिस्थिती म्हणजे मी.

पुरवणी दुसऱ्या वाक्यावर असताना बाई उठली. माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. “साहेब, तुमच्या गाडीला बॅटरी कितीची?”

मी इंजिनियर असल्यामुळे मला उत्तर द्यायला वेळ लागला. “बाराची.”

“मागची डिकी उघडा.”

मी म्हणणार होतो की दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे बल्ब एकमेकांना बसतीलच असं नाही, पण तोवर तिनं माझ्या गाडीचा ब्रेकलाइट अर्धा फिरवून बाहेर ओढला होता, आणि दोन बल्बांचे खिळे शेजारी धरून ती ते जुळवून पाहत होती. जुळले. मग ती थांबलीच नाही. हातमोजे घालून माझा हेडलाइट काढला, मान फिरवून, या वेळी झाडाऐवजी रांगेतल्या रिक्षाकडं बघत. दुसरा ब्रेकलाइट काढला, नंबर प्लेटचा काढला. आतला काढायला तिला स्क्रू ड्रायव्हर लागला, तो मी दिला. संपूर्ण कामात माझा हा सहभाग. नाही, आणखी एक: काढलेले चोवीसचे बल्ब धरून उभा होतो. रांगेतला रिक्षावाला म्हणाला, “चाचा, दुकान लगाया क्या?”

बारा वाजून बावीस मिनिटांनी साहेबांनी पुन्हा फाइल आडवी धरली. ब्रेक. लाल, लख्ख. इंडिकेटर. हेडलाइट. आतला दिवा लागला तेव्हा त्यांनी डोकं आत घालायची तसदीही घेतली नाही. शिक्का मारताना त्यांनी माझ्याकडं पाहून बाईला विचारलं, “ये कौन है? मिस्त्री?”

“नही,” बाई म्हणाली. “हमारे साहेब है.”

तिनं ते कुठल्या सुरात म्हटलं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी फाइलमध्ये. दुसऱ्या पाळीच्या बायका एक वाजता अथालला उभ्या राहणार होत्या, तिला निघायचं होतं. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून.

“तुम्ही मागून नका येऊ,” ती म्हणाली. “तुमच्या गाडीला मागं एकही लाइट नाही. ट्रकवाल्याला कसं कळंन तुम्ही थांबले ते? तुम्ही पुढं चला. मी मागं राहते. न् ब्रेक मारायच्या आधी खिडकीतून हात काढा.”

असे आम्ही निघालो. पुढं मी, हात बाहेर. मागं नुकतीच पास झालेली व्हॅन, माझ्या आणि जगातल्या सगळ्या ट्रकांच्या मधे. समोरून येणाऱ्या एकानं मी हात दाखवतोय असं समजून हात हलवला, मीही हलवला आणि आत घेतला. तेवढ्यात पुढं गतिरोधक आला आणि मी हात न काढताच ब्रेक मारला. मागून बाईनं हॉर्न दिला. पुढच्या गतिरोधकाला लक्षात राहिलं. त्याच्या पुढच्याला पुन्हा हॉर्न. अथालच्या फाट्यापर्यंत सहा गतिरोधक आहेत. मी तीनदा हात काढला.