बादशाची कुस्ती

शेवगावातला नबीलाल कल्हईवाला हा मूळचा दरवेशी. तरुणपणी त्याच्याकडे बादशा नावाचं अस्वल होतं. त्याच्या बायकोनं, खातूनभाभीनं, ते पिल्लू असताना शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. बादशाचा खेळ म्हणजे कुस्ती. तो नबीलालशी झुंजायचा, आणि काठी जमिनीवर दोनदा आपटली की पाठीवर पडून चीत व्हायचा. लोक हसून लोटपोट. पण कुणीही काठी आपटून चालायचं नाही. तो ऐकायचा नबीलालचं, नाहीतर खेळात हलगी वाजवणाऱ्या आसारामचं. आसाराम म्हणजे नबीलालचा जिवाभावाचा दोस्त.

तेव्हा अकोल्याकडच्या डोंगरात एक सिनेमा कंपनी उतरली होती. जनावरांनी वाढवलेल्या माणसावर चित्रपट काढत होते. त्यांना अस्वल हवं होतं, आणि ते काम आसारामनंच जमवलं. जंगली अस्वलाला वेसण कशी, असं साहेब म्हणाले, म्हणून नबीलालनं स्वतःच्या हातानं बादशाची वेसण काढली आणि नुसती गळ्यात दोरी बांधली. सिनेमाच्या नायकाशी बादशाची कुस्ती होती त्या दिवशी कंपनीनं नबीलालला अस्वलासाठी मध आणायला बाजारात धाडलं. तो परतला तेव्हा आसाराम वाटेतच उभा होता. म्हणाला, बादशानं दोरी तोडली, रानात पळाला.

नबीलाल आधी ढसाढसा रडला. मग हळूहळू त्याला बरं वाटायला लागलं. नाकात वेसण नाही, दारोदार नाचणं नाही, आपलं लेकरू सुटलं. दुसरं अस्वल त्यानं पाळलं नाही, कल्हईचा भाता घेतला. आणलेला मध आसारामची बायको बाळंत होती तिला दिला. आसारामनं तो घेतला. हे मी मुद्दाम सांगतोय.

पुढं तीसेक वर्षं नबीलालच्या भट्टीपाशी पोरं जमायची आणि विचारायची, बादशा कुठं हाय? नबीलाल भाता मारत सांगायचा, जंगलात हाय, मोहाची फुलं खातोय. अस्वल काही इतकं जगत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण मेला असेल तर आपल्या मरणानं, झाडाखाली, हे त्यानं मनाशी धरलं होतं. शेजारीच आसारामचं दोरखंडाचं दुकान. तो नबीलालचाच चहा पीत मान डोलवायचा.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात बाजारतळावर सिनेमाचा तंबू पडला आणि त्यात नेमकं ते जुनं चित्र आलं. नबीलाल आणि खातूनभाभीची तिकिटं मी काढली. खिशात हात घालायचा माझा स्वभाव नाही, पण बादशा मलाही बघायचा होता. आसारामला बोलावलं तर त्याच्या पोटात दुखायला लागलं.

चित्र म्हणजे आनंदच होता. जंगलात वाढलेल्या नायकाची दाढी रोज कोण करत होतं, देव जाणे. मग झाडीतून बादशा आला. नबीलालनं माझा हात घट्ट धरला. खातूनभाभी पदर तोंडाला लावून हसत होती, रडतही होती. माणसं वळून वळून या दोघांकडं बघत होती.

कुस्ती सुरू झाली. बादशा झुंजला, थांबला, आणि त्यानं मान वळवून बाजूला बघितलं. पडद्यावर तिथं कुणीच नव्हतं. मग तो शहाण्यासारखा पाठीवर पडला, चारी पाय वर करून. नायक त्याच्या छातीवर बसला आणि त्यानं सुरी खुपसली. तंबूत शिट्ट्या झाल्या. बादशा ओरडला.

सिनेमात सगळं खोटं असतं, सुरीसुद्धा, असं मी पटकन म्हणालो. खातूनभाभी म्हणाली की नाक टोचलं तेव्हा तो असाच ओरडला होता, तिच्या मांडीवर. ती उठली आणि बाहेर गेली. नबीलाल बसूनच राहिला. त्यानं मला एवढंच विचारलं, "काठी कुणी आपटली?"

मला इतका संताप आला होता की त्याच पावली जाऊन आसारामचं दुकान पेटवावं असं वाटलं. नबीलालनं मला अडवलं. सकाळी तो स्वतः गेला, मी मागे होतो. आसारामनं त्याचा चेहरा बघितला आणि हातातला सुंभ खाली ठेवला.

"सुरी लाकडाची हाय म्हनले हुते," तो म्हणाला. "मंग तुला काय सांगू? पळाला म्हनलं तर तुला बरं तरी वाटंल."

"वाटलं," नबीलाल म्हणाला. "लई बरं वाटलं. पन त्यानं तुज्याकडं बघितलं, आसाराम. तू म्हनलास म्हनून झोपला त्यो."

त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत. दुकानं मात्र शेजारीशेजारीच राहिली, जाणार कुठं? पोरं भट्टीपाशी येतच होती. बादशा कुठं हाय, विचारत होती. नबीलाल भाता मारता मारता नुसता शेजारी बोट दाखवायचा. "त्याला इचारा. त्याला ठावं हाय."

मग पोरं आसारामच्या दुकानापुढं जाऊन उभी राहायची. तो दोरी वळत राहायचा. पोरं हलायची नाहीत. शेवटी मान वर न करता तो सांगायचा, "जंगलात हाय."