पांढऱ्या मेंढीच्या अलीकडे

भालचंद्र सेलूकरांना आपण मारलेला बॉल दिसायचा नाही. गोल्फ खेळणाऱ्या माणसाची याहून मोठी पंचाईत मला तरी माहीत नाही. चष्म्याच्या काचा जाडजूड, त्यात साठी उलटलेली. स्टिक फिरली, टक् असा आवाज आला, की बॉल त्यांच्यापुरता हवेत विरघळून जायचा. मग स्टिक तशीच खांद्यावर ठेवून, मान न वळवता ते विचारायचे, "कुठं पडला गं?"

लिंबाखाली घडीच्या खुर्चीवर अरुंधतीवहिनी, त्यांची बायको, मांडीवर शेंगा घेऊन सोलत बसलेल्या असायच्या. वहिनींनी उभ्या जन्मात गोल्फची स्टिक हातात धरली नाही. पण नजर अशी तेज, की शेंगा सोलणं न थांबवता त्या सांगायच्या, "बाभळीच्या उजवीकडं. पांढऱ्या मेंढीच्या अलीकडं."

मेंढी कुठून आली, तेही सांगतो. परतूर तालुक्यात आमच्या आष्टीजवळ धरणाच्या कामासाठी एक वसाहत बांधली होती. तिथल्या कुणा हौशी इंजिनिअरने फार पूर्वी मुरमाड पडीक जमिनीवर सहा होलचं गोल्फचं मैदान आखून घेतलं. होलभोवती हिरवळ वगैरे काही नव्हती. वर्कशॉपमधलं काळं ऑईल मिसळून वाळू थापलेली, तिला आम्ही ब्राऊन म्हणायचो. आणि बाकीच्या मैदानावरचं गवत कापायचं काम म्हस्कू धनगराच्या मेंढ्या करायच्या. मेंढ्यांना चारा मिळायचा, आम्हाला मैदान मिळायचं, कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ असं लोक म्हणतात. आमच्या गोल्फची वर्गणी महिन्याच्या पेपरच्या बिलाएवढी होती.

मेंढ्यांचे नियमही होते. बॉल मेंढीला लागला तर पुन्हा मारायचा. लेंड्या आड आल्या तर हाताने बाजूला सारायच्या, त्याला दंड नाही. बॉल लोकरीत अडकला तर म्हस्कू तो काढून द्यायचा, आणि बॉल भालचंद्ररावांचा असला तर होलच्या दिशेने दोन पावलं पुढेच टाकायचा. आम्ही ओरडलो की म्हणायचा, "मेंढरू तितंच हुतं, बराबर तितंच."

म्हस्कूचा सगळा कळप काळा, त्यात एकच मेंढी पांढरी. वहिनींना खूण म्हणून तीच सोयीची वाटायची. आता मेंढी म्हणजे काही मैलाचा दगड नव्हे. भालचंद्ररावांना तिथवर पोचायला वेळ लागायचा, तोवर ती चरत चरत भलतीकडे गेलेली असायची. हे वाकून वाकून तिच्या पायापाशी शोधत राहायचे आणि शेवटी वैतागून ओरडायचे, "अगं, मेंढी सरकली!"

"मग मी काय तिला बांधून ठेवू?" वहिनी तिकडून म्हणायच्या.

दर रविवारी हेच. आणि दर रविवारी आम्ही सगळे हसायचो.

भालचंद्रराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. सही साहेबांची, रेघ यांची. निवृत्त झाल्यावर मुलगा स्वानंद पुण्याला बोलवत होता. हे गेले नाहीत. "तिथं मैदान आहे, पण ते आपलं नाही," म्हणाले. मला ते डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही, आष्टीत माझं औषधाचं दुकान आहे. पण माझा फटका चुकला की "डॉक्टरांनी पेशंट घालवला" असं म्हणता यावं, म्हणून मुद्दाम. कंजूष नव्हते, पण बॉलचा रंग उडून तो बटाट्यासारखा दिसायला लागेपर्यंत टाकून द्यायचे नाहीत. आठवड्यातले सहा दिवस हा माणूस कमी बोलायचा, कमी जेवायचा. सातव्या दिवशी सकाळी बघावं, तर वेगळाच. मैदान एवढंच एक सुख त्यांनी स्वतःसाठी मागितलं होतं.

मग मैदानाला चांगले दिवस आले आणि तिथूनच सगळं बिघडलं.

वसाहत रिकामी झाली, मैदान एका समितीकडे आलं. समितीचे अध्यक्ष झाले जालन्याचे एक तरुण व्यापारी, प्रितमशेठ. माणूस वाईट नव्हता. बाहेरगावची मोठी मैदानं बघून आला होता आणि आपल्याकडेही तसंच व्हावं, असं त्याला मनापासून वाटायचं. ब्राऊन काढून तिथे हिरवळ लावली. पाण्याचे फवारे आले, तारेचं कुंपण आलं. पाहुण्यांसमोर मेंढ्या बऱ्या दिसत नाहीत, असं बैठकीत ठरलं. भालचंद्ररावांनी एकट्यांनी तोंड उघडलं. "अहो, मग गवत कोण कापणार?"

"मशीन कापेल, काका," प्रितमशेठ म्हणाला.

मशीनने कापलं. पण मेंढी खाऊन कापत होती, मशीन पिऊन कापायला लागलं. डिझेल महागलं. मशीनवर पगारी माणूस आला. पातं मोडलं की पुण्याहून मागवायचं. फवाऱ्यांचं लाइट बिल निराळंच. हे सगळं वर्गणीत उतरलं. पेपरच्या बिलाएवढी असलेली वर्गणी किराण्याच्या बिलाएवढी झाली, आणि पुढच्या वर्षी त्याच्याही वर गेली. त्यामुळे काहींनी खेळ सोडला. ते गेले म्हणून राहिलेल्यांची वर्गणी आणखी वाढली.

गोल्फ एकटा महाग झाला असता, तर भालचंद्ररावांनी कसंबसं निभावून नेलं असतं. पण गॅस, गोडेतेल, तुरीची डाळ सगळं हात धरून वर चढत होतं. माझ्या दुकानात भाव सांगताना मीच खाली बघायला लागलो होतो. आणि त्यातच वहिनींचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. डायलिसिस सरकारी योजनेत बसलं. पण आष्टीहून जालन्याची गाडी योजनेत बसत नव्हती, आणि रक्त वाढायचं इंजेक्शन माझ्या दुकानातून जायचं. मी ते खरेदीच्या भावात द्यायचो. त्याच्या खाली मलाही परवडत नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. स्वानंद पाठवायचा जमेल तेवढं. त्याचा पगार घराचे हप्ते आणि पोरीची शाळा यांनी आधीच वाटून घेतलेला असायचा.

एका रविवारी भालचंद्रराव आले नाहीत. नंतर म्हणाले, कंबर धरली आहे, खेळणं बंद. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातून औषधांचा खोका त्यांनी एका झटक्यात उचलून स्कूटरवर ठेवला. तेव्हा मी म्हणालो, "भालचंद्रराव, वर्गणी मी भरतो."

"डॉक्टर," ते म्हणाले, "आपल्या पैशानं मारलेला बॉल मला दिसत नाही. तुमच्या पैशानं मारलेला तर दिसायचं नावच नको."

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

वहिनींचा राग मात्र गप्प बसणारा नव्हता. त्या माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, तुमचा खेळ बंद करून माझं मूत्रपिंड चालू होणार आहे का?"

"कंबर दुखते गं."

"कंबर दुखणारा माणूस मला उचलून गाडीत बसवतो का?"

पुढे स्टिकचा सगळा सेट भालचंद्ररावांनी एका नव्या मेंबरला विकला. वहिनींनी त्यातली एक काढून घेतली, सात नंबरची लोखंडी. "ही ठेवा. मी बरी झाले की लागेल," म्हणाल्या. बरं होणं आता कितपत हातात आहे, ते दोघांनाही कळत होतं. पण ती स्टिक विकायची नाही, एवढं त्यांचं ठरलं. कपाटामागे उभी करून ठेवली.

रविवार मात्र वहिनींनी सोडला नाही. तब्येत बरी असली की स्कूटरवर मागे बसून यायच्या. कुंपणाच्या बाहेर पाटाच्या कडेला म्हस्कूची मेंढरं चरायची, तिथे खुर्ची मांडायच्या. भालचंद्रराव शेजारी दगडावर. आत आम्ही खेळायचो, आणि कुणाचा बॉल कुठे पडला, ते वहिनी बाहेरून नवऱ्याला सांगायच्या. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता, तरी वाऱ्यावर मला ऐकू यायचा. "डॉक्टरांचा नाल्यात गेला. शेठचा फवाऱ्याच्या अलीकडं." भालचंद्रराव मान हलवायचे. मांडीवर त्यांची बोटं स्टिक धरल्यासारखी एकमेकांत अडकलेली असायची.

"फवारा काही सरकत नाही हो," एकदा वहिनी म्हणाल्या. "आता आपल्याला भांडायलासुद्धा कारण उरलं नाही."

पांढरी मेंढी त्यांच्या हातून पोळीचा तुकडा खायची. म्हस्कू म्हणायचा, "बाईसाब, ही तुमचीच हाय. मी नुस्ती वळतो तिला."

वहिनी पौषात गेल्या. डायलिसिस करून परत येताना, परतूर सोडल्यावर, गाडीतच. डोकं भालचंद्ररावांच्या खांद्यावर होतं. त्यांना वाटलं, झोप लागली. झोपमोड नको म्हणून घर येईपर्यंत त्यांनी खांदा हलवला नाही.

ते रडले नाहीत. दिवसकार्य झालं, स्वानंद सोबत चला म्हणाला, हे गेले नाहीत. दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, माझ्या हातात इंजेक्शनचा डबा दिसला की उठून जायचे. मी तो डबा आतल्या खोलीत ठेवायला लागलो.

त्या उन्हाळ्यात मैदानही बंद पडलं. मेंबर उरले होते बोटावर मोजण्याइतके. प्रितमशेठ बरेच दिवस पदरचं घालत होता, शेवटी त्यानेही हात टेकले. मशीन विकलं, फवारे काढून नेले, फाटकाला कुलूप लागलं. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढलं. इतका खर्च करून आम्ही काय मिळवलं, तर रान.

दसऱ्यानंतर म्हस्कू दुकानात आला. गोळ्या घ्यायला आला असेल, असं मला वाटलं.

"मेडिकलवाले, मेंढरं आत सोडून राह्यलो आता," तो म्हणाला. "तार तुटल्याली हाय. शेठनं बगितलं, काई बोलला न्हाई. गवत बराबर बसवलंय मेंढरांनी, पयल्यावानी. मंग मनलं, सेलूकर साहेबाला घिऊन या. आता खर्चा न्हाई, काई न्हाई."

मी भालचंद्ररावांकडे गेलो. ते नको म्हणाले. मी उठून चपला घालेपर्यंत आत गेले आणि कपाटामागून स्टिक काढून आणली. जुन्या धोतराच्या फडक्याने ती बराच वेळ पुसली.

रविवारी सकाळी आम्ही तारेतून वाकून आत शिरलो. मैदान खरंच पूर्वीसारखं झालं होतं. गवत बुडापर्यंत खाल्लेलं, जागोजाग लेंड्या, लिंब जागच्या जागी. काळ्या कळपात एक पांढरी मेंढी होती.

"तीच का रे?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"न्हाई साहेब. ती गेली सरत्या उन्हाळ्यात. ही तिची लेक."

म्हस्कूने कमरेच्या पिशवीतून एक बॉल काढला. गवतात सापडलेला, पिवळा पडलेला. भालचंद्ररावांनी तो जमिनीवर ठेवला, पाय रोवले आणि स्टिक फिरवली. इतक्या दिवसांनी मारला, पण आवाज तोच आला, कोरडा आणि नेमका. बॉल उंच गेला. त्यांचा इतका सुरेख फटका मी कधी पाहिला नव्हता. स्टिक खांद्यावर तशीच ठेवून, मान न वळवता ते म्हणाले, "कुठं पडला गं?"

बॉल मला स्वच्छ दिसला होता. पण प्रश्न मला विचारलेला नव्हता. आपण कुणाला विचारलं, ते त्यांच्याही लक्षात आलं असणार. स्टिक खांद्यावरून खाली आली नाही.

शेवटी म्हस्कूच बोलला. "पांढऱ्या मेंढराच्या अलीकडं, साहेब."

भालचंद्रराव त्या दिशेने बघत राहिले. त्यांना ना बॉल दिसत होता, ना मेंढी.

"धरून ठिवू का तिला?" म्हस्कूने हळूच विचारलं.

"नको रे. चरू दे."

आम्ही तिघे तसेच उभे राहिलो.

"सरकली का?" त्यांनी विचारलं.

"सरकली, साहेब."

त्यांनी मान हलवली. स्टिक माझ्या हातात दिली, चालत लिंबाखाली गेले, खुर्ची असायची तिथे खाली बसले आणि वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा रडले. मी आणि म्हस्कू बॉल शोधायला गेलो नाही.