'लि'च्या पुढचं 'लो'

"प-पुरतं बोलू दे त्याला." आमच्या नोएडाच्या ऑफिसातला हा मित्र हे माणसांबद्दल नव्हे, कम्प्युटरबद्दल म्हणायचा.

स्वतः तोतरा. किती? गाझियाबादच्या बसमध्ये कंडक्टरला स्टॉप सांगायला लागला की बस तीन स्टॉप पुढे जायची. तुम्ही म्हणाल, थापा. बरं, एक स्टॉप कमी करा. पण त्याला मध्येच तोडलं, तर गडी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचा. मुद्दाम! म्हणून तोडायची हिंमत फक्त साहेबांत.

तेव्हा सेक्टरांत गवताआधी ऑफिसं उगवत होती. याने एका मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम बसवली. त्याचा वर्षभर खपून लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवरच चालायचा आणि दुपारी गिऱ्हाईक तो बघायला येणार होतं. मशीन सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं नाव लिलो; पडद्यावर 'लिलो' अशी इंग्रजी चार अक्षरं उमटली, की पुढे दोन्हींपैकी हवं ते उघडायचं. त्या दिवशी 'लि' उमटलं आणि थांबलं. ना लिनक्स, ना विंडोज.

साहेब असे हसले की कूलरमधलं पाणी हिंदकळलं. "लो जी, ये भी तेरी तरह अटक गया! सब उड़ा दो, सिर्फ़ विंडोज डालो."

तो मशीनसमोर आडवा उभा राहिला. "अ-अटका है, सर. ग-गूंगा—"

"अरे यार, जल्दी!"

झालं! त्याने साहेबांकडे पाठ केली आणि मला म्हणाला, "म-मुका असता तर काहीच उमटलं नसतं. द-दोन अक्षरं आलीत. म्हणजे लिलोचा पुढचा तुकडा सापडलाय, फक्त च-चालत नाहीये. डिस्कची मापं च-चुकीची धरलीत."

फ्लॉपीवरून मशीन उठवलं, मापांची एक ओळ बदलली, लिलो पुन्हा बसवला. मशीन पुन्हा सुरू. 'लि'... ऑफिसने श्वास असा ओढला की पडदे आत आले. '...लो'!

"चलो, हो गया," साहेब वळले.

"स-सर." साहेब थांबले. "अ-अटका है. ग-गूंगा नहीं है." या वेळी वाक्य पुरतं झालं. कोणी हसलं नाही.

पुढे तो बंगळूरला गेला. अधूनमधून फोन येतो. पलीकडून नुसतं 'हॅ', मग शांतता. बायको म्हणते, "कट झाला वाटतं, ठेवा."

मी ठेवत नाही. 'हॅ' आलंय ना? 'लो' येतंय.