कूलरसमोरची जागा

आबांच्या मनात तुमची किंमत काय आहे, हे त्यांच्या घरी गेल्यावर बसल्या जागी कळायचं. धुळ्याच्या उन्हाळ्यात देवपूरच्या त्या पुढच्या खोलीत एकच कूलर होता, खिडकीत बसवलेला, आणि पाहुण्याला त्याच्यापासून किती अंतरावर बसवायचं हे आबा स्वतः ठरवत. पोस्टमन आला की ऐन झोतात. मतं मागायला आलेले पुढारी दाराजवळच्या पत्र्याच्या खुर्चीवर, जिथे वारा पोचेपर्यंत त्याची झळ झालेली असे. आबा एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर त्यांनी लोकांना जागा करून दिली होती. निवृत्तीनंतर हा एवढाच अधिकार शिल्लक होता आणि तो ते चोख वापरत.

ते माझे थोरले चुलते. त्यांचा जावई सुरुवातीला अर्थातच झोतात बसे. मग एका दिवाळीनंतर मीना, त्यांची एकुलती मुलगी, सुजलेलं मनगट घेऊन शिंदखेड्याहून परत आली आणि पुन्हा गेली नाही. उन्हाळा लागल्यावर जावयाचे मामा समजूत घालायला आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, आणि दर दोन वाक्यांनी ‘समाज’. आबांनी त्यांना पत्र्याची खुर्ची दिली.

"समाजात नाव आहे आपलं," मामा घाम पुसत म्हणाले. "पोर आमनी शे आते, आमची झाली ती. संसारात भांड्याला भांडं लागतंच."

"लागतं ना," आबा म्हणाले. "पण भांडं मनगटावर लागत नाही."

मामा गेले. आबांच्या डोक्यात मात्र दुसराच हिशेब सुरू झाला होता. आपण आज आहोत, उद्या नाही. मग मीनाचं काय? मीनाला जमाखर्चाचं सॉफ्टवेअर येत होतं. नदीपलीकडच्या बाजारातला एक धान्याचा व्यापारी घरबसल्या काम द्यायला तयार होता. घरबसल्या हा शब्द आबांना फार आवडला. काम घरात आलं तर मुलगी रोज गल्लीच्या डोळ्यांसमोरून जायला नको. मी चार पुस्तकं वाचतो, तेव्हा मला कॉम्प्युटरही कळत असणार, या समजुतीने तो घ्यायला जाताना त्यांनी मीनाबरोबर मलाही नेलं.

दुकानदाराने आम्हाला काचेचा, आतून लाल-निळे दिवे लागणारा एक डबा दाखवला आणि पुढची दहा वर्षं तो कसा मागे पडणार नाही हे सांगू लागला. आबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भाऊ, पोरीला हिशेब लिहायचेत. मिरवणूक नाही काढायची."

शेवटी साधा काळा कॅबिनेट, बेताचा मॉनिटर आणि लाइट गेली तर काम जतन करण्यापुरता टिकणारा यूपीएस, असा संच ठरला. दिव्यांचा खर्च टाळून मीनाने जादा मेमरी टाकायला लावली. दुकानाचा माणूस घरी येऊन सगळं जोडून गेला. जाताना तो सांगून गेला, "आबा, आपल्याकडचं ऊन माहीत आहे ना? मशीन तापू देऊ नका. हवा खेळती ठेवा."

आबांनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी मी गेलो तर कूलरसमोरची त्यांची खाट भिंतीकडे सरकलेली आणि तिच्या जागी कॉम्प्युटरचं टेबल. कॅबिनेटवर कुंकवाचं बोट, पाठीला कूलरचा झोत. स्वतः आबा दाराजवळ, पत्र्याच्या खुर्चीवर.

"तुम्ही तिथं का, आबा?"

"बापू, घरात कमावतं कोण आहे आता? वारा त्याला."

त्यांनी जन्मभरात कोणाला दिला नसेल इतका मान त्या डब्याला मिळाला. मीना काम करू लागली. दुपारी आबा वाऱ्याबाहेर घामाघूम बसून तिच्या बोटांची टकटक ऐकत. मध्येच उठून कूलरमध्ये बोअरचं पाणी ओतत आणि झोत थोडा कमी वाटला तर पंख्याचा वेग वाढवत.

ज्येष्ठ लागता लागता मशीन बंद पडलं. दुकानाच्या माणसाने ते उघडलं. आतल्या बोर्डावर बोअरच्या पाण्याचा पांढरा खार बसला होता, कडांना हिरवा गंज. कूलर वाऱ्याबरोबर ओल फेकतो हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ती ओल माणसाला सुखाची, म्हणून यंत्रालाही असेल, असं धरून चाललो होतो.

"पाण्याने गेलंय," तो म्हणाला. "हे वॉरंटीत बसत नाही. तिचं काम तेवढं डिस्कवरून काढून देतो."

त्या रात्री आबा जेवले नाहीत. व्यापाऱ्याचा निरोप आला, की मीनाने पेढीवर येऊन काम करावं, तिथे मशीन आहे. पेढी म्हणजे रोज गल्लीसमोरून जाणं; आबांनी तो निरोप बाजूला ठेवला.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. त्याच आठवड्यात मामा पुन्हा आले. मी तिथेच होतो. आबा उठले, टेबल बाजूला ओढलं, खुर्ची कूलरसमोर ठेवली आणि म्हणाले, "बसा."

मामा झोतात बसले.

"झालं गेलं विसरा, आबा. पोरगा सुधारलाय. तुमचंही वय झालं. किती दिवस सांभाळणार?"

आबा जमिनीकडे बघत होते. मग आतल्या दाराकडे न पाहता म्हणाले, "मीना, एकदा जाऊन बघतेस का? नाही जमलं तर ये परत."

मीना चहा घेऊन आली होती. तिने कप मामांच्या हातात दिला.

"मशीन गेलं, आबा. मला येतं ते कुठं गेलंय? उद्यापासून मी पेढीवर बसते." मग मामांना म्हणाली, "चहा घ्या. मी येणार नाही, हे त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन, अख्ख्या गल्लीसमोरून, पांझरेचा पूल ओलांडून गेली. आबा दारात उभे होते. समोरच्या अक्कांनी विचारलं, "पोर कुठं चालली?"

"कामावर," आबा म्हणाले आणि आत आले.

पुढे मीनाने स्वतःच्या कमाईतून दुसरा कॉम्प्युटर घेतला आणि आतल्या खोलीत ठेवला. आबा त्या खोलीत जायचे ते बिचकत. कधी कॅबिनेटला उलटा हात लावून म्हणायचे, "तापलंय गं."

"तापू द्या, आबा."

मग ते मुकाट्याने बाहेर यायचे. मामा झोतात बसले त्या दुपारबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही. मीनाच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. आबांच्या मनात काय होतं ते त्यांच्या वागण्यात दिसे. तिच्या ताटात आधी वाढायला सांगत, आणि ती काही म्हणाली की लगेच ‘बरं’ म्हणत. इतकं लगेच, की ऐकणाऱ्याला अवघडायला व्हावं.

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत त्यांची शहरातली मराठी गळून पडली आणि लहानपणची अहिराणी तेवढी उरली. मीना चमच्याने पाणी पाजत होती. त्यांनी चमचा हाताने थांबवला.

"तू तवय मन्हं ऐकं नही," ते म्हणाले. बराच वेळ श्वास जमवत राहिले. "बेस करं." तेव्हा माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस, म्हणत होते.

मीना "हो" म्हणाली. चमचा पुन्हा त्यांच्या ओठांशी नेला, आणि या वेळी त्यांनी पाणी घेतलं.