एक काना

धाकटीचा आवाज ओळखत नाही असा माणूस त्या शहरात सापडणं कठीण, आणि धाकटीला ओळखतो असा सापडणं त्याहून कठीण. बसमध्ये पुढचा थांबा तीच सांगे. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' हे तीच म्हणे. बँकेला फोन लावला की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं म्हणत माणसाला ताटकळत ठेवणारी बाईही तीच. त्यामुळे रोज शेकडो लोक तिला शिव्या घालत आणि तिच्यापर्यंत एकही पोचत नसे. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलंच तर ती त्याच आवाजात सांगे, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

"देवाने मला गळा दिला आणि चेहरा द्यायला विसरला," असं ती म्हणायची.

"चेहरा माझ्याकडे राहिलाय," तिची थोरली बहीण म्हणायची. "हवा तेव्हा घेऊन जा."

आवाज मात्र दोघींचा एकच. फोनवर आईसुद्धा फसे. थोरलीच्या लग्नानंतर दाजी तर वर्षभर फसत राहिले. एकदा फोनवर बरंच काही गोड बोलून झाल्यावर पलीकडून "दाजी, मी धाकटी. ताई आंघोळीला गेलीय" असं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी आठवडाभर फोनला हात लावला नव्हता.

गेल्या काही वर्षांत धाकटीकडे खून येऊ लागले. लोकांना वाचायला वेळ नव्हता, पण भांडी घासताना, गाडी चालवताना ऐकायला खून हवेच होते. म्हणून प्रकाशक तिला त्या लहानशा, भिंतींना जाड फोम लावलेल्या खोलीत बसवत आणि ती कादंबऱ्या वाचून दाखवी. रहस्यकथांची तऱ्हाही बदलली होती. पूर्वी खून कुणी केला हे शेवटच्या पानावर कळे. आता ते पहिल्याच पानावर कळायचं आणि उरलेली पानं खुन्याचं बालपण कसं वाईट गेलं ते सांगायची. पूर्वी गोष्टींतल्या बायका नुसत्या मरायच्या, आता मारायलाही लागल्या होत्या. पुस्तक गाजलं की ते ऐकायला यायचं, मग त्याची मालिका व्हायची, मग मालिकेवर बोलणारे लोक, मग त्या लोकांवर बोलणारे लोक. एका खुनावर एवढी माणसं पोट भरत होती की मेलेल्याला पुण्य लागावं.

दाजीही त्याच पंगतीतले. तरुणपणी त्यांनी कविता करून पाहिल्या, मग रहस्यकथांकडे वळले, आणि बरीच वर्षं कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. थोरली आजारी पडून गेली. तिच्यामागून वर्षभरात त्यांची ती कादंबरी आली आणि दाजी एका रात्रीत मोठे झाले.

कादंबरीत एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिला कुणीतरी औषधातून हळूहळू विष देतं आहे. मधली प्रकरणं खुन्याच्याच तोंडून येतात, पण तो बाई की बुवा हे शेवटपर्यंत कळत नाही. आपल्या भाषेत हे सोपं नाही. 'मी गेलो' म्हटलं की पुरुष, 'मी गेले' म्हटलं की बाई. एका कान्यात सगळं पितळ उघडं पडतं. पण 'मी कप उचलला', 'मी चमचा फिरवला' यात कोण ते कळत नाही. दाजींनी खुन्याला आख्ख्या पुस्तकात नुसतं उचलायला, ढवळायला, पाहायला लावलं होतं. एकदाही जाऊ दिलं नव्हतं, येऊ दिलं नव्हतं. समीक्षकांनी त्यांच्या या कसरतीला डोक्यावर घेतलं.

शेवटी खुनी निघते ती सून. ती हेअरपिना दातांत धरून बोलते. जिना उतरताना गुणगुणते. औषधाचा चमचा आधी स्वतःच्या ओठांना लावून बघते, कोमट आहे ना म्हणून.

धाकटीने तिथवर वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवलं. थोरलीने नऊ वर्षं सासूचं केलं होतं. चमचा तसाच ओठांना लावून.

तरीही ती गप्प बसली असती. घरची धुणी चव्हाट्यावर धुण्याची तिला सवय नव्हती. पण एका दुपारी भाची आली. थोरलीची एकुलती एक मुलगी, कॉलेजात शिकणारी. चहाचा कप हातात नुसताच धरून ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. विचार."

"आईने आजीला... काही केलं होतं का गं?"

धाकटीने तिच्या हातातला कप काढून घेतला.

"कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"सगळे म्हणतात. वर्गातल्या मुली पुस्तक वाचून म्हणतात, ही तर तुझी आईच. आत्या म्हणाली, लेखक उगाच काही लिहीत नाही."

"आणि बाबांना विचारलंस?"

"विचारलं. ते नुसते हसले. म्हणाले, कलावंताला असले प्रश्न विचारायचे नसतात."

ते हसणं धाकटीने मनात जपून ठेवलं. दाजी हो म्हणाले असते तर तिने त्यांना खोटारडा म्हटलं असतं; नाही म्हणाले असते तर कदाचित माफही केलं असतं. पण स्वतःची पोर आईवर संशय घेते आहे, आणि पुस्तक खपतंय म्हणून हा माणूस हसतो! त्या दुपारी तिने ठरवलं, याचा हिशेब चुकता करायचा. कसा, ते तिला ठाऊक नव्हतं.

वाट दाजींनीच दाखवली. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

"मेव्हणीबाई, पुस्तक आता ऐकायला येतंय. वाचायचं तूच. दुसरं कुणी चालणार नाही, असं मी त्यांना बजावलंय."

"मीच कशाला?"

"शेवटचा कबुलीजबाब. 'मी केलं.' तुझ्या ताईचा आवाज तुझ्या गळ्यात आहे. लोकांच्या अंगावर काटा येईल बघ. तिला एक प्रकारे श्रद्धांजलीच."

तिला फोन आपटावासा वाटला. आवाज मात्र पंचवीस वर्षं कमावलेला होता. "वाचेन की," ती म्हणाली.

"आणि हे बघ, खुन्याची प्रकरणं ना बाईच्या आवाजात, ना बुवाच्या. आणि माझ्या गद्याला हात लावलेला मला खपत नाही. एक काना इकडचा तिकडे होता कामा नये. करारातच घालायला सांगितलंय मी."

"नाही होणार, दाजी. तुमची शपथ."

वाचायच्या आधी धाकटी प्रत्येक पुस्तक एकदा मोठ्याने म्हणून बघे. डोळा घाईत असतो, ओळीवरून घसरत जातो. जीभ प्रत्येक अक्षरापाशी थांबते. खुन्याचं एक मधलं प्रकरण म्हणताना तिची जीभ थांबली. पुन्हा म्हटलं. पुन्हा थांबली.

'पहाटे आतून हाक आली. पाणी, पाणी. मी ती ऐकली. मी डोळे घट्ट मिटून घेतले. उठलो नाही.'

उठलो.

एवढी कसरत करणाऱ्या दाजींचा पाय इथे घसरला होता. 'मी' शेजारी नव्हता म्हणून मुद्रितं तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते निसटलं, आणि वाचकांनी छपाईची चूक म्हणून सोडून दिलं. पण धाकटीला ती चूक कुठून आली ते ठाऊक होतं. थोरली हसून सांगायची, "आई पहाटे पाण्याला हाक मारतात ना, तेव्हा तुझे दाजी इतके घट्ट डोळे मिटतात की मला पापण्यांचा आवाज येतो." ही ओळ दाजींनी रचली नव्हती. त्यांना ती आठवली होती. आणि आठवताना माणूस व्याकरण सांभाळत नाही.

धाकटी त्या दिवशी एकटीच हसली. बरं हसू नव्हतं ते.

रेकॉर्डिंगला तिने खुन्याची प्रकरणं ठरल्याप्रमाणे ना बाईच्या, ना बुवाच्या आवाजात वाचली. फक्त लय दाजींची घेतली. महत्त्वाच्या वाक्याआधी ते नाकाने हलकासा श्वास ओढत, तो घेतला. वाक्य संपताना ते आवाज असा खाली सोडत, जणू ऐकणाऱ्यावर उपकार करून टेकवतायत, तसा सोडला. एक अक्षर बदललं नाही.

'मी डोळे घट्ट मिटून घेतले,' ती म्हणाली. थांबली. नाकाने श्वास ओढला. 'उठलो नाही.'

काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने मान वर केली. "ताई, 'उठलो'? पुन्हा घेऊ या. चुकलंय."

"पान बघा."

त्याने पान बघितलं. डोकं खाजवलं. "आयला! म्हणजे खुनी पुरुष आहे?"

"मला काय विचारता? मी नुसतं वाचते. एक काना हलवायचा नाही, असं करारात आहे."

"लेखकांना फोन लावू?"

"लावा ना. त्यांच्या गद्यात चूक काढली म्हणून तुमची उत्तरपूजा करतील."

रेकॉर्डिस्टला नोकरी प्यारी होती. त्याने फोन खाली ठेवला.

कबुलीजबाब तिने सगळ्यात शेवटी वाचला. पाणी प्यायली, डोळे मिटले आणि थोरलीला गळ्यात येऊ दिलं. आजारपणातली थोरली, दमलेली, स्वतःचं दुखणं लपवून दुसऱ्याची समजूत काढणारी. 'मी केलं. मीच केलं. आता त्यांना त्रास देऊ नका.' शब्द दाजींचेच होते. पण त्या आवाजात ते ऐकलं की शेंबडं पोरही सांगेल, ही बाई दुसऱ्याचं पाप पदरात घेते आहे.

दाजींनी रेकॉर्डिंग ऐकायला मागवलं, पण नुसता शेवट ऐकला. स्वतःचं पुस्तक पुन्हा कोण ऐकतो? "अप्रतिम," त्यांनी निरोप पाठवला. "काटा आला."

काटा पुढे आला. ऐकायचं पुस्तक बाहेर पडलं आणि काही आठवड्यांत रहस्यकथांच्या वेड्यांनी 'उठलो' शोधून काढलं. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. खुनी सून नाहीच, नवरा आहे! तिने त्याचा गुन्हा अंगावर घेतला! एकाने खुन्याची प्रकरणं आणि दाजींच्या मुलाखती एकापुढे एक लावून तो नाकातला श्वास सगळ्यांना ऐकवला आणि खाली विचारलं, 'हा आवाज ओळखीचा वाटतो का?' मालिका करणाऱ्या दिग्दर्शिकेने शेवटच बदलायचं ठरवलं.

मालिकेच्या घोषणेला मोठं सभागृह भरलं होतं. धाकटी मागच्या रांगेत बसली. एका बाजूला भाची, पलीकडे आत्या, म्हणजे दाजींची बहीण, भावाच्या कौतुकासाठी ठेवणीतली साडी नेसून आलेली.

दिग्दर्शिकेने माइक दाजींपुढे धरला. "सर, सगळ्यांचा एकच प्रश्न. तो 'उठलो'. चूक आहे, की मुद्दाम?"

दाजींनी घाम पुसला. चूक म्हणावं, तर ज्या कसरतीने ते मोठे झाले तीच फसलेली. समोर समीक्षक बसलेले. मुद्दाम म्हणावं, तर... तेवढा विचार त्यांनी केलाच नाही. टाळ्यांची सवय वाईट.

त्यांनी नाकाने हलकासा श्वास ओढला. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"मुद्दामच," दाजी म्हणाले. "खुनी नवराच आहे. पहिल्या दिवसापासून. सून निर्दोष आहे. लेखक उगाच काही लिहीत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती आत्याकडे बघत होती. आत्याचे हात टाळीसाठी वर गेले होते आणि तसेच राहिले.

"पहाटे आई पाणी मागायची," आत्या पुटपुटली. "हा उठत नव्हता?"

"लेखक उगाच काही लिहीत नाही," धाकटी हळूच म्हणाली. "तुमचंच वाक्य, आत्याबाई."

आत्या उठली आणि भावाला न भेटताच निघून गेली. एकदा तिच्या कानात पडलं की चार घरी पोचलंच, हे धाकटीला माहीत होतं.

जिन्याच्या वळणावर दाजींनी तिला गाठलं. गळ्यातला हार अजून तसाच होता.

"तू माझा गळा कापलास."

"मी? मी एक काना हलवला नाही, दाजी."

"ताई असती तर तिने हे केलं नसतं."

"नसतंच केलं. ती तुमच्यासाठी उठायची." धाकटी एक पायरी उतरली. "मी ताई नाही. आवाजावर जाऊ नका, तुम्ही पूर्वीही फसलाय."

भाची खाली थांबली होती. तिने बापाकडे वर बघितलं. दाजींनी तिला हाक मारली, ती तिने ऐकली, आणि ती मावशीचा हात धरून रस्त्यावर आली.

बस रिकामीच होती. धाकटीला वाईट वाटायला हवं होतं. तिने मनात सगळीकडे शोधलं, सापडलं नाही. सलत होतं ते वेगळंच. 'मी केलं' हे थोरलीच्या आवाजात म्हणायला लागलं होतं, आणि ते आता कायमचं कुठेतरी वाजत राहणार होतं.

'पुढचा थांबा बाजार चौक,' वरून तिचाच आवाज आला. 'उतरताना घाई करू नका.' भाचीला हसू फुटलं. मग ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, आई सकाळी हाक मारायची ना, तशी एकदा मार ना."

धाकटीने थोरलीला पुन्हा गळ्यात येऊ दिलं. "उठलीस का गं?"

"उठले," भाची म्हणाली.

धाकटीच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"मावशी, बाबांचा असेल."

"ऐकू येतंय मला," धाकटी म्हणाली, आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.