अब्राहमचं मोकळं मनगट

अंगारे, उतारे, ‘बाहेरचं’ असं घरात कुणी बोललं की मी हसायचे. स्टॅटिस्टिक्स शिकलेली बाई मी! म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

ऐंशीच्या दशकात मी शिकागोत मास्टर्स करत होते. युनिव्हर्सिटीच्या छोट्या आर्ट गॅलरीत दुपारची ड्युटी असायची — खुर्चीवर बसायचं आणि चित्रांना कुणी हात लावत नाही ना, ते बघायचं.

मागच्या हॉलमध्ये सतराव्या शतकातलं एक मोठं इटालियन ऑइल पेंटिंग होतं. बायबलमधली गोष्ट. देवाच्या आज्ञेवरून अब्राहम स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघालाय. मुलाचं डोकं दगडावर दाबलेलं, सुरी उगारलेली... आणि काळोखातून आलेल्या देवदूताच्या हातानं बापाचं मनगट गच्च धरलेलं. देवदूताचा चेहरा नाहीच. फक्त कोपरापर्यंत हात.

देवधर काका दर मंगळवारी ते बघायला यायचे. आमची ओळख डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या इंडियन ग्रोसरीतली. आदल्या वर्षी बर्फावरून त्यांची गाडी घसरली. शेजारच्या सीटवर त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा होता. तो जागीच गेला, काकांना साधं खरचटलंही नाही.

“याला वेळेवर धरलं बघ कुणीतरी,” एकदा चित्राकडे बघत ते म्हणाले होते.

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे सव्वातीन. हॉलमध्ये आम्ही दोघंच.

“मीनल, जरा इकडे ये. तुला हात दिसतोय?”

“कुठला हात, काका?”

“मनगटावरचा.”

मी पाहिलं. हात नव्हता. अगदी जवळ जाऊन पाहिलं — रंगाच्या बारीक भेगासुद्धा दिसत होत्या, पण हाताच्या जागी नुसता तपकिरी अंधार. मनगट मोकळं.

“नाही दिसत...” माझ्या तोंडून निघून गेलं.

“वाटलंच मला,” काका म्हणाले. अगदी शांतपणे.

चित्राचं कुणीतरी काहीतरी केलंय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी सुपरवायझरला बोलवायला धावले. कॅरन तिचं नाव. जेमतेम तीन मिनिटांत आम्ही परत आलो. हात जागच्या जागी होता, नखांसकट! कॅरन माझ्याकडे बघून म्हणाली, “यू नीड सम रेस्ट, हनी.”

काका निघून गेले होते.

बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला. “काल हे तुझ्याकडे आले होते का गं? घरी आलेच नाहीत.”

दोन दिवसांनी पोलिसांना लेकच्या काठी गाडी सापडली. आणि मग पाण्यात काका.

पुढे मी गॅलरीतले त्या चित्राचे सगळे जुने फोटो काढून पाहिले. प्रत्येकात हात आहे. उजेडाचा खेळ, थकवा, भास... सगळं स्वतःला सांगून झालं. पण एकच भास दोघांना?

तेराव्याला काकूंनी मला आत नेऊन विचारलं, “शेवटचं काय बोलले गं ते तुझ्याशी?”

“काही नाही काकू,” मी म्हणाले. “चित्र बघत होते.”

काकू गेल्या वर्षी गेल्या. खरं काय झालं, ते त्यांना मी कधीच सांगितलं नाही.